तीन खिळ्यांची टाच

१९ नोव्हेंबर, मंगळवार. बेटावर जाण्या-येण्याचं तिकीट, कर्मचाऱ्याची सवलत वजा जाता, एकशे बासष्ट रुपये पन्नास पैसे. ब्रशकाकांनी सुट्टे मोजून दिले, पावतीची घडी खिशात ठेवली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते धक्क्यावरच्या बाकाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

पलीकडची बाजू म्हणजे प्रवाशांची. अलीकडे स्टूल होतं, ते काकांचं. मधे एक लाकडी पाट. बेट संरक्षित असल्यामुळे हा सगळा थाट मांडलेला होता. तिथे कोणी राहत नसे, रात्री थांबायला परवानगी नव्हती, पान तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही. तिथली काही झाडं दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. म्हणून इकडचं गवताचं बी तिकडे जाऊ द्यायचं नाही आणि तिकडचं इकडे येऊ द्यायचं नाही, असा नियम. बी जातं ते बुटांच्या तळाला चिकटून. प्रवाशाने बाकावर बसायचं, पाय पाटावर ठेवायचे, तळ काकांच्या तोंडासमोर. काका खाचाखाचांतून ब्रश फिरवायचे, अडकलेला खडा आकड्याने काढायचे आणि शेजारच्या वहीत एक उभी रेघ ओढायचे. सकाळी जातानाच्या रेघा डाव्या पानावर, संध्याकाळी परतल्यावरच्या उजव्या पानावर. दोन्हीकडची बेरीज जुळली की खाली सही आणि वही बंद.

स्टूल बुटकं होतं. त्यावरून माणसाचं तोंड दिसायला मान बरीच वर करावी लागे, आणि रांग लागलेली असताना मान वर करायला सवड कोणाला? त्यामुळे काकांना गावातली निम्मी माणसं तळावरून माहीत होती. बँकेतला रोखपाल दिवसभर टेबलाखाली उजवा पाय घासतो, औषधवाल्याचा डावा गुडघा दुखतो पण तो बायकोला सांगत नाही, असली माहिती त्यांच्याकडे भरपूर. त्यांची बायको म्हणायची, "उद्या जावई दारात उभा राहिला तर काय बघाल, तोंड की बूट?"

"बूट," काका म्हणायचे. "तोंडावर माणूस काय हवं ते आणतो. टाचेवर काय आणणार?"

"म्हणूनच माझ्या तोंडाकडे बघत नाही वाटतं तुम्ही."

महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी तिकीटखिडकीवरच्या वहिनी यायच्या होत्या, आणि त्या दिवशी स्टुलावर त्याच बसल्या होत्या.

"पाय वर घ्या काका, लाजू नका."

"टाचेकडून पुढे. उलटं नको."

"एकोणीस वर्षं तुम्ही सगळ्यांचे पाय धरलेत. आज एक दिवस माझ्या हातात द्या की." वहिनींनी ब्रश झटकला आणि रेघ ओढली. "सत्तावीस. आज तुम्ही शेवटचे. आणि इतक्या वर्षांनी आजच कसं सुचलं?"

"निवृत्तीआधी एकदा बघून येतो म्हटलं."

बायकोलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. खरं कारण आदल्या दिवशी धक्क्यावर येऊन गेलं होतं.

सात वर्षांपूर्वी शाळेतले भूगोलाचे मास्तर महिन्यातून एकदा तरी बेटावर जायचे. एकटेच. त्यांचे तपकिरी बूट काकांना पाठ होते: दोन्ही तळ बाहेरच्या कडेला झिजलेले, डाव्या टाचेला टायरचा तुकडा आणि तो धरून ठेवायला तीन खिळे, त्रिकोणात. ब्रश दर वेळी त्या खिळ्यांना अडकायचा. काका म्हणायचे, "मास्तर, नवे बूट घ्या हो." मास्तर म्हणायचे, "पगार वाढला की बघू, काका. तुमचा ब्रश तरी कुठे नवा आहे?"

एका शुक्रवारी ते गेले आणि घरी परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधाची बोट निघायच्या तयारीत धक्क्याला उभी होती. बंदर कचेरीतल्या साहेबांनी काकांना विचारलं, "काल संध्याकाळी मास्तर उतरले का?" काकांनी वही उघडली. डावीकडे अडतीस, उजवीकडे अडतीस. खाली स्वतःची सही.

"उतरले साहेब."

"नक्की? तुम्ही पाहिलं?"

"तीन खिळ्यांची टाच. माझ्या हाताखालून गेली."

जबाब लिहिला गेला, काकांनी सही केली आणि बोट निघालीच नाही. शोध वळला तो बसस्थानकाकडे, लॉजकडे, दुसऱ्या गावांकडे.

मास्तरांच्या मागे एक बहीण होती. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती शिवणकाम करायची. त्या सकाळी भावाबहिणीची जुंपली होती. शाळेला सुट्टी म्हणून त्या दिवशी छप्पर शाकारायचं ठरलं होतं, आणि मास्तर निघाले पाठीला पिशवी लावून. ती म्हणाली होती, "एवढं आवडतं तर तिकडेच राहा. इकडे येऊच नकोस." आता बेटावरून तो परत आला, हे तर काकांनी लिहून दिलं होतं. म्हणजे गावात उतरला आणि घराकडे न वळता निघून गेला. तिच्या शब्दामुळे गेला. सात वर्षं ती गावोगावच्या शाळांना पत्रं लिहीत होती, आणि महिन्यातून एकदा धक्क्यावर येऊन काकांना तोच प्रश्न विचारत होती. "नक्की आला होता ना हो तो?"

"आला होता, ताई."

काका हे म्हणायचे आणि पुढचा तळ घासायला घ्यायचे. पण रांग संपल्यावर त्यांच्या मनात यायचं की, ती टाच आपण रोज पाहत होतो असं नाही, महिन्यातून एकदा पाहत होतो, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी पाहिल्याचं काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. सकाळची येते. संध्याकाळची नाही. आठवते ती फक्त जुळलेली बेरीज.

सोमवारी ती आली तेव्हा तिने वेगळंच विचारलं. "तुम्ही निवृत्त झाल्यावर मी कोणाला विचारू?" ती गेल्यावर ते खिडकीवर गेले आणि दुसऱ्या दिवसाचं तिकीट सांगून ठेवलं. बेटावर काय शोधणार होते, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

बोटीत सत्तावीस माणसं. काकांनी सवयीने पायांकडे बघून घेतलं. एका जोडप्याचे करकरीत नवे बूट, एका फोटोग्राफरचे खाली दातेरी पकडीचे, पाच-सहा म्हाताऱ्या मित्रांचे एकाच दुकानातले, बाकी किरकोळ. तासाभरात बेट आलं. आलं म्हणजे दिसलं काहीच नाही. पाण्यावर धुकं बसलं होतं आणि त्यातून एकदम लाकडी धक्का पुढे आला.

पायवाट एकच. वर्तुळासारखी फिरून चार तासांत धक्क्यावर परत येते, कडेला दर अर्ध्या किलोमीटरवर अंकाचा खांब. मंडळी बोलत, हसत पुढे गेली. काकांचा वेग कमी, ते मागे पडले. दुसऱ्या खांबापर्यंत पुढच्यांचे आवाज येत होते. तिसऱ्यापाशी येईनासे झाले. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, पण ठिबकण्याचाही आवाज होत नव्हता, खाली सगळं शेवाळ. एकही पक्षी बोलत नव्हता. पक्ष्यांचं बेट म्हणून माहितीपत्रकावर फोटो असलेलं हे बेट.

पायवाटेवर ओली चिकणमाती होती. काका खाली बघत चालले होते. दुसरीकडे कुठे बघायची त्यांना सवयच नव्हती. मातीत सगळा दिवस लिहून ठेवला होता. इथे जोडपं थांबलं, इथे तिने त्याचा हात धरला. इथे फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. इथे म्हाताऱ्यांपैकी एक घसरला. काकांना गंमत वाटायला लागली. चौथ्या खांबापाशी गंमत संपली.

त्या सगळ्या ठशांच्या वर, म्हणजे सगळ्यांत शेवटी उमटलेला, एक ठसा होता. बाहेरची कडा झिजलेला. काकांनी मनातल्या मनात सत्तावीस जोड पुन्हा मोजले. यातला हा कोणाचाच नव्हता. ते पुढे झाले. पुढचा ठसा डाव्या पायाचा होता. टाचेत तीन बारीक खड्डे, त्रिकोणात.

काका वाकले. खड्ड्यांत कडेने पाणी झिरपत होतं, अजून भरलं नव्हतं. मातीत ठसा पडला की मिनिटभरात त्यात पाणी भरतं, हे त्यांना एकोणीस वर्षांचा चिखल सांगत होता. म्हणजे चालणारा पुढे दहा पावलांवर असायला हवा होता. पुढची वाट सरळ होती, साठ-सत्तर पावलं स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यावर कोणी नव्हतं.

"मास्तर?" काकांनी हाक मारली. आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच शेवाळात पडला.

ते ठशांमागून चालायला लागले. घाबरलेला माणूस उलटा पळतो, असं आपण म्हणतो. काकांचे पाय मात्र मागे वळेनात. ठसे घाईचे नव्हते. मधे एका ठिकाणी दोन्ही पाय जोडून उभे राहिल्याची खूण होती, बोटं मागे वळलेली, जशी कोणी येतंय ना हे बघायला माणूस थांबतो. तिथून काकांनी पुढे पाऊल टाकलं आणि त्यांच्या मनात आलं, आपल्याबरोबर पुढचाही एक ठसा उमटत असेल. वर बघायचं धाडस त्यांना झालं नाही. ते ठसे बघत राहिले.

सहाव्या खांबापाशी वाट डावीकडे फुटत होती. तोंडाला आडवा दोर आणि पाटी: जमीन खचल्याने वाट बंद. दोर सात वर्षांचा वाटावा इतका कुजला होता. ठसे त्याच्याखालून सरळ आत गेले होते. काकांनी उभ्या आयुष्यात कुठला नियम मोडला नव्हता. त्यांनी दोर उचलला आणि वाकून आत गेले.

शंभर पावलांवर वाट संपली. तिथे समुद्राकडे बघायला कधीकाळी जागा केलेली होती. लोखंडी कठडा, निम्मा कोसळलेला. उरलेला गंजलेला, पण जोडांपाशी रंग शाबूत होता. हिरवा.

तो हिरवा रंग दिसला. सात वर्षं जी संध्याकाळ आठवत नव्हती ती एकदम समोर आली. रांगेत एक तळ आला होता, त्यावर हिरव्या रंगाचे थेंब. ब्रशने निघेनात, काकांनी आकड्याने खरवडले होते. खरवडताना मनात आलंही होतं की, सकाळी हा तळ आपण पाहिला नव्हता. तो हा कठडा रंगवायला आलेला रंगारी होता. पहाटे सामानाच्या बोटीतून, दुसऱ्या धक्क्यावरून गेलेला, म्हणून काकांच्या डाव्या पानावर नव्हता. संध्याकाळी प्रवाशांबरोबर परतला, म्हणून उजव्या पानावर आला. एक माणूस जास्त आला आणि एक माणूस आलाच नाही. बेरीज अडतीसच. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हा ताळा तंतोतंत जुळतो, आणि जुळलेल्या ताळ्याकडे कोणी पुन्हा बघत नाही. काकांनी बेरीज पाहिली होती आणि टाच पाहिली असं लिहून दिलं होतं.

ठसे कठड्यापाशी संपले होते. काका हातापायांवर पुढे सरकले आणि मोडक्या गजांमधून खाली बघितलं. कड्याखाली हातभर अंतरावर एक दगडी पायरीसारखा भाग होता, त्याच्याखाली पांढरं धुकं. पायरीवर डावा बूट पडला होता. पालथा. पाटावर पाय ठेवावा तसा तळ वर. सगळा शेवाळाने भरलेला, शिवण उसवलेली, आतून नेच्याचं एक पान बाहेर आलेलं. टाचेवरचे तीन खिळे मात्र गंजलेले नव्हते. रोज चालणाऱ्या माणसाच्या बुटाचे असतात तसे घासून चकचकीत होते.

काकांनी गजांतून हात घातला आणि अंगठ्याने टाच पुसली. सवय. माती ओली होती.

बूट त्यांनी उचलला नाही. बेटावरून काही न्यायचं नाही, शिवाय आता तो पुरावा होता. ते उठले, मागे वळले. आल्या वाटेवर त्यांच्या स्वतःच्या बुटांचे ठसे होते. तेवढेच. दोरापर्यंत, दोरापासून चौथ्या खांबापर्यंत मंडळींच्या ठशांवर फक्त त्यांचेच. जिथे जिथे ते दुसऱ्याच्या मागून चालले होते तिथे ते एकटेच चाललेले होते.

परतीच्या बोटीत काकांनी कोणाच्या पायांकडे पाहिलं नाही. डोळे मिटून बसले. फोटोग्राफर म्हणाला, "बोट लागली का काका?" काकांनी मान हलवली.

साडेचारला धक्का आला. बाकावर रांग लागली. काकांचा नंबर सुरुवातीलाच लागला, मग ते बाजूला खांबाला टेकून उभे राहिले. धुकं इकडेही पोचलं होतं, त्यात माणसं नुसती पुढे सरकत होती. शेवटचा गेल्यावर वहिनी वही घेऊन आल्या.

"काका, माझं काहीतरी चुकलंय. गेले सत्तावीस आणि इकडे रेघा झाल्यात अठ्ठावीस."

काकांनी वहीत वाकून रेघा मोजल्या.

"पहिल्याच दिवशी फजिती. तो शेवटचा मी दोनदा धरला की काय? पण नाही हो, त्याचे जुने बूट होते, चिंब ओले. टाचेत खिळे होते मेले, ब्रश सारखा अडकत होता."

"किती?"

"काय किती?"

"खिळे."

"तीन असतील. का?"

"तोंड बघितलंत?"

"तुम्हीच शिकवलंत ना, तोंडं बघत बसलात तर रांग खोळंबते म्हणून!" वहिनी हसल्या, मग काकांचा चेहरा बघून थांबल्या. "जाऊ दे, एक रेघ खोडते. सत्तावीसच लिहिते. जुळतंय ना, मग झालं."

"नाही." काका इतक्या जोरात म्हणाले की बोटीवरचा खलाशीही वळून बघायला लागला. "जेवढे हाताखालून गेले तेवढे लिहा. अठ्ठावीस. खाली लिहा, जुळत नाही. आणि सही करा."

वहिनींनी लिहिलं.

काकांना घरी जाता आलं असतं. जबाब सात वर्षं जुना, बूट कोणी न जाणाऱ्या वाटेवर, आणि निवृत्तीला अकरा दिवस. शिवाय वहिनींनी भरलेलं उजवं पान त्यांच्याच बाजूने बोलत होतं: तीन खिळ्यांची टाच आली. चालता चालता हे सगळं त्यांच्या मनात आलं, आणि तरी पाय औषधाच्या दुकानाकडेच वळले. जिना अरुंद होता. शिवणयंत्राचा आवाज ते वर पोचण्याआधीच थांबला.

मास्तरांची बहीण दारात उभी होती. तिने काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे जिन्यात.

"तुम्ही एकटेच?"

"हो."

"मला वाटलं दोघं जण चढताय." ती बाजूला झाली. "या, बसा. पाणी देते."

"नको ताई. आधी ऐका." काका बसले नाहीत. बसले असते तर मान खाली गेली असती. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं त्यांनी ते तोंड. भावासारखंच रुंद कपाळ, हनुवटीवर सुईने ओरखडल्याची बारीक खूण. "मी त्याला उतरताना पाहिलं नव्हतं. मी बेरीज पाहिली होती. तो आलाच नव्हता. आज मी बूट बघून आलोय, कड्यापाशी."

यंत्रावर अर्धी शिवलेली बाही होती. तिने ती यंत्राखालून काढली आणि बाजूला ठेवली.

"म्हणजे रागावून नव्हता गेला तो."

"नाही."

"घरीच यायचा होता."

"हो, ताई."

"सात वर्षं मी लोकांना सांगतेय, मी बोलले म्हणून गेला. भाजीवालीलासुद्धा सांगितलंय." तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही दर महिन्याला माझ्या तोंडावर सांगत होतात, आला होता म्हणून! काय मोजत होतात हो तुम्ही तिथे बसून?"

काकांनी या वेळी उत्तर बनवलं नाही. ते उभे राहिले. ती आत गेली. काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग नळ सोडल्याचा. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पायात चपला होत्या आणि हातात पर्स.

"कचेरी सहाला बंद होते ना? चला."

बंदर कचेरीत कारकून कुलूप शोधत होता. जुना जबाब बदलायचाय म्हटल्यावर त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आजच?"

"आत्ताच," ती म्हणाली.

"बंद झालेली फाइल काढायची तर शुल्क पडतं. पंचवीस रुपये, आणि पावती फाडल्याशिवाय मला कपाट उघडता येत नाही."

काकांनी खिसे चाचपले. तिकीट आणि बोटीवरचा चहा एवढ्याच हिशेबाने पैसे घेऊन ते घरातून निघाले होते. त्यांच्याकडे साडेतीन रुपये निघाले. मास्तरांच्या बहिणीने पर्स उघडली, पंचवीस रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "फाडा पावती."

काकांनी नवा जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. त्या शुक्रवारी संध्याकाळी ती टाच मी पाहिली नाही, पाहिली असं खोटं लिहून दिलं, असं त्यात साध्या शब्दांत आहे. बूट कुठे आहे तेही आहे. ठशांबद्दल काही नाही, कारण ते कोणी विचारलं नाही. अठ्ठाविसाव्या जोडाबद्दल जे काही आहे ते वहिनींच्या वहीत आहे.

बुधवारी सकाळी सात वाजता शोधाची बोट निघाली. शनिवारी दुपारी कड्याच्या पायथ्याशी सापडायचं ते सापडलं. काका तीस तारखेला निवृत्त झाले. त्यांनी दोनदा पाकिटात घालून पैसे पाठवले, दोन्ही वेळा पाकीट न उघडता परत आलं. मास्तरांच्या बहिणीचे पंचवीस रुपये ब्रशकाका अजून देणं लागतात.